‘सुपरमॅन’चा मृत्यू : मालिकाबद्ध कथन आणि अंताचा प्रश्न

१

१८ नोव्हेंबर १९९२ रोजी अमेरिकेत ‘सुपरमॅन’ या चित्रकथा-मासिकाचा ७५ वा अंक विक्रीस आला आणि त्या अंकाच्या अखेरीस सुपरमॅन मरण पावला. मुखपृष्ठावर जून १९३८ असा महिना असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातून हा नायक अवतरला होता. म्हणजे प्रकाशनाच्या हिशेबाने त्याचे वय चौपन्न वर्षांचे झाले होते. कथेतले वय मात्र तिशीच्या आसपासच रेंगाळत राहिले होते. त्याच्या मृत्यूची बातमी वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने एखाद्या लोकनेत्याच्या निधनाप्रमाणे दिली. दुकानांपुढे रांगा लागल्या. त्या अंकाच्या साठ लाखांच्या आसपास प्रती खपल्याचे सांगितले जाते. पुढे एक वर्ष पुरे होण्याच्या आतच नायक परतला आणि मालिका पूर्ववत सुरू झाली.

एम.ए.च्या वर्गात कथनमीमांसा शिकवताना मी हे उदाहरण दिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, तो परत येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तर मग रडलं कोण?’’ वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्यात खरे पाहता दोन प्रश्न आहेत. मागे घेता येणाऱ्या मृत्यूला वाङ्मयीन अर्थाने मृत्यू म्हणता येईल काय, हा पहिला; आणि असा मृत्यू वाचताना कुणाला खरोखरच दुःख झाले असेल तर त्या दुःखाचे काय करायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपली समीक्षा चटकन देते. लोकप्रिय वाङ्मय हे बाजाराचे अपत्य, त्यातला मृत्यू ही विक्रीची क्लृप्ती, असे म्हटले की चर्चा संपते. दुसरा प्रश्न मात्र तसाच उरतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करावयाचा आहे.

२

सुपरमॅनविषयीच्या सैद्धांतिक चर्चेचा आरंभ आजही उंबर्टो एको यांच्या १९६२ मधील निबंधापासून करावा लागतो. एको यांचा मुद्दा थोडक्यात असा : पुराकथेतील नायकाची कथा घडून गेलेली असते. श्रोत्याला ती ठाऊक असते आणि नायकाचे रूप स्थिर असते. कादंबरीतील नायकाची कथा मात्र वाचकासमोर घडत असते. तो काळात जगतो आणि म्हणून झिजतो. सुपरमॅनला या दोन्ही अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या कराव्या लागतात. तो पुराकथेतल्यासारखा अविकारी हवा आणि कादंबरीतल्यासारखा दर अंकात काही नवे करणाराही हवा. पण जो काही करतो तो काळ खर्च करतो, आणि जो काळ खर्च करतो तो मृत्यूकडे एक पाऊल टाकतो. या पेचातून सुटण्यासाठी मालिकेने काळच धूसर करून टाकला. एका कथेचा दुसऱ्या कथेशी असलेला पूर्वापर संबंध पुसट ठेवला, त्यामुळे प्रत्येक साहस जणू पहिलेच ठरले. याच विवेचनात एको एक मार्मिक उदाहरण देतात. सुपरमॅनने लोइस लेनशी लग्न केले तर तेही मृत्यूच्या दिशेने पडलेले पाऊल ठरेल, कारण लग्न ही परत फिरवता न येणारी घटना आहे.

एको यांच्या या विधानाला तीस वर्षांनी जी जोड मिळाली, ती त्यांच्या सिद्धांताला बळकटी देणारी आहे आणि त्याला उलटे टांगणारीही आहे. १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने मांडली. त्यानंतर मालिकेतला काळ पूर्वीइतका धूसर राहिला नव्हता. १९९० मध्ये क्लार्क केंट आणि लोइस यांचा वाङ्‌निश्चय झाला. पुढच्या वर्षी क्लार्कने आपले गुपित तिला सांगितले. त्या काळी सुपरमॅनची चार मासिके मिळून दर आठवड्याला पुढे सरकणारी एकच कथा सांगत होती. संपादक माइक कार्लिन आणि लेखक-चित्रकारांचा चमू यांच्या वार्षिक बैठकीत आगामी कथेचा आराखडा ठरे. त्या आराखड्यानुसार लग्न होणार होते. दरम्यान याच पात्रांवरील ‘लोइस अँड क्लार्क’ या दूरचित्रवाणी मालिकेची तयारी सुरू झाली, आणि दोन्हीकडची लग्ने एकाच सुमारास व्हावीत म्हणून चित्रकथेतले लग्न पुढे ढकलण्यात आले. आता मधली जागा कशाने भरायची? जेरी ऑर्डवे हे लेखक-चित्रकार दर बैठकीत गमतीने ‘त्याला मारूनच टाकू या’ असे म्हणत. या वेळी ती गंमत राहिली नाही.

निर्मितिप्रक्रियेतला हा तपशील केवळ किस्सा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो या संपूर्ण प्रकरणाची गुरुकिल्ली आहे. लग्न करता येत नाही म्हणून नायकाला मारले गेले. जीवनात मृत्यू अंतिम असतो आणि लग्न त्या मानाने दुरुस्त होण्याजोगे. मालिकाबद्ध कथनात ही उतरंड नेमकी उलटी होते. लग्नाने पात्रांमधील नाती बदलतात, घर बदलते, पुढच्या प्रत्येक कथेचा पाया बदलतो. मृत्यूने काहीच बदलत नाही, कारण तो उलटवला की सारे जागच्या जागी येते. १९९६ मध्ये ते लग्न दोन्ही माध्यमांत झाले आणि चित्रकथेत पंधरा वर्षे टिकले. २०११ मध्ये सारी विश्वरचना नव्याने मांडूनच प्रकाशकाला ते पुसून टाकता आले, आणि पाच वर्षांत विवाहित सुपरमॅन पुन्हा आणावा लागला. मृत्यू पुसायला अशी कोणतीही विश्वरचना मोडावी लागली नव्हती. मालिकेत मृत्यू हा लग्नापेक्षा स्वस्त असतो, असे विधान यावरून करता येईल.

३

मात्र मृत्यूचा निर्णय असा व्यावहारिक होता म्हणून त्या मृत्यूची संहिताही तेवढीच उथळ असेल, असे मानणे हा निर्मितीचा हेतू आणि कृतीचे रूप यांत गल्लत करणे होय. ७५ व्या अंकाचे लेखन व रेखाटन डॅन युर्गेन्स यांचे आणि शाईकाम ब्रेट ब्रीडिंग यांचे. त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे.

चित्रकथेत काळाचे एकक म्हणजे चौकट. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक काळ भरतो. चौकटी वाढल्या की काळ तुकड्यातुकड्यांनी धावतो. चौकट मोठी झाली की तो थबकतो. सुपरमॅन आणि डूम्सडे यांच्या द्वंद्वाच्या शेवटच्या चार अंकांत हे एकक पद्धतशीरपणे बदलत नेले आहे. ‘ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’च्या ४९७ व्या अंकात एका पानावर चार चौकटी, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या ६८४ व्या अंकात तीन, ‘सुपरमॅन : द मॅन ऑफ स्टील’च्या १९ व्या अंकात दोन, आणि ७५ व्या अंकात प्रत्येक पानभर एकच चौकट. चार, तीन, दोन, एक. यानंतर काय येणार हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. शून्य म्हणजे कोरे पान.

एको यांनी वर्णिलेल्या धूसर काळाच्या हा अगदी विरुद्ध प्रकार आहे. येथे काळ मोजला जातो आणि तो मोजण्याचे काम पानाची मांडणी करते. शेवटच्या अंकात प्रत्येक पान उलटणे म्हणजे एक क्षण खर्च करणे. पान उलटणारा हात वाचकाचाच असल्यामुळे नायकाला मृत्यूकडे नेण्यात तोही सहभागी होतो. शत्रूची योजनाही याला पूरक आहे. डूम्सडे हा जमिनीखालून वर येतो, वाटेतले सारे मोडत मेट्रोपोलिसकडे सरकतो. त्याला हेतू नाही, वैर नाही, जवळजवळ भाषाही नाही. पात्र म्हणून तो पोकळ आहे, अशी टीका झाली आणि ती चुकीची नाही. तरीही या कथेपुरता तो पोकळपणा अर्थपूर्ण ठरतो. लेक्स लूथरच्या हातून मरण आले असते तर त्याला कारण मिळाले असते, सूडाचे सूत्र मिळाले असते. डूम्सडेजवळ कारण नाही. मृत्यूजवळही बहुधा नसते.

४

द्वंद्व संपते तेथे या कथेचा अधिक मोलाचा भाग सुरू होतो. ‘फ्युनरल फॉर अ फ्रेंड’ या पुढील अंकमालेत कोणतेही मोठे साहस नाही. आहे ते केवळ सुतक. याच भागात सुपरमॅनच्या दुहेरी अस्तित्वाचा एक असा अर्थ प्रकट होतो की जो त्यापूर्वीच्या चौपन्न वर्षांत फारसा वाट्याला आला नव्हता.

क्लार्क केंट हा सुपरमॅनचा मुखवटा, असे आपण एरवी धरून चालतो. सुपरमॅन मरण पावतो तेव्हा शहर त्याची भव्य अंत्ययात्रा काढते. क्लार्क केंटचा मृतदेह मात्र कुठेच सापडणार नसतो. डूम्सडेच्या विध्वंसात बेपत्ता झालेल्यांच्या यादीत त्याचे नाव जाते. लोइस लेनला आपला वाग्दत्त पती गेला आहे हे ठाऊक असते, पण ते उघड बोलता येत नाही. सहकाऱ्यांनी ‘तो सापडेल’ म्हणून दिलेला धीर तिला ऐकून घ्यावा लागतो. स्मॉलव्हिलमधले जोनाथन आणि मार्था केंट आपल्या मुलाची अंत्ययात्रा दूरचित्रवाणीवर पाहतात. सारे जग ज्याच्यासाठी रडते, त्याच्या आईबापांना शोक करण्याचा जाहीर अधिकार नाही.

वॉल्टर बेंजामिन यांनी कथनकाराविषयीच्या १९३६ मधील निबंधात मृत्यू आणि कथन यांचा गाढ संबंध दाखविला आहे. पात्राच्या आयुष्याचा अर्थ त्याच्या मृत्यूतूनच हाती लागतो आणि वाचक त्या परक्या मृत्यूच्या उबेसाठी कादंबरीकडे येतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. तो येथे लावून पाहिला तर सुपरमॅनच्या मृत्यूतून सुपरमॅनचा अर्थ हाती लागत नाही. तो आधीच चिन्ह होता, मृत्यूनंतर पुतळा होतो. अर्थ हाती लागतो तो क्लार्कच्या आयुष्याचा. एको यांच्या परिभाषेत सांगायचे तर पुराकथेतला अर्धा भाग मरत नाही, मरतो तो कादंबरीतला अर्धा भाग. वर्गातल्या त्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. जे रडले ते उडणाऱ्या माणसासाठी रडले नसावेत. ज्याच्यासाठी मोकळेपणी रडता येत नाही अशा माणसासाठी त्यांचे डोळे भरले असावेत. तो पुढे परत आला म्हणून लोइसच्या त्या मूक दिवसांची नोंद खोटी ठरत नाही.

५

आता दुसरी बाजू. ज्या अंकात हा मृत्यू आहे तो विशेष आवृत्तीत काळ्या प्लॅस्टिकच्या बंद वेष्टनात विकला गेला. वेष्टनावर रक्त ठिबकणारे ‘एस’ हे चिन्ह होते. आत अंकाबरोबर शोकसूचक काळी दंडपट्टी, ‘डेली प्लॅनेट’मधील मृत्युलेख, भित्तिचित्र, तिकिटे अशा वस्तू होत्या. जुन्या अंकांना लिलावात मिळणाऱ्या किमतींच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. अनेकांनी एकाहून अधिक प्रती घेतल्या आणि त्या न उघडता ठेवून दिल्या. वेष्टन फाडले की किंमत उतरणार, अशी समजूत होती.

वाचनव्यवहाराच्या इतिहासात ही घटना विलक्षण म्हटली पाहिजे. सर्वाधिक खपलेल्या अंकांपैकी एक, आणि त्याच्या असंख्य प्रती कधीच वाचल्या गेल्या नाहीत. वर म्हटल्याप्रमाणे या अंकात पान उलटणे हीच मृत्यूची क्रिया आहे. ज्यांनी वेष्टन उघडलेच नाही त्यांच्या प्रतीत तो मृत्यू घडलाच नाही. वाचकाची जागा संग्राहकाने घेतली, आणि संग्राहकाला कथेच्या अंताशी कर्तव्य नसते. त्याला वस्तूच्या टिकाऊपणाशी कर्तव्य असते. अर्थात लाखो लोकांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार, हा साधा हिशेब लवकरच कळून आला. १९९३ नंतर चित्रकथांचा फुगलेला बाजार कोसळला, दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल या प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेला दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला. काळ्या वेष्टनातील त्या मृत्यूने ही पडझड घडवली असे म्हणणे अतिशयोक्त होईल. तो तिचे ठळक लक्षण मात्र नक्कीच होता.

१९९३ मध्ये ‘ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’च्या ५०० व्या अंकापासून पुनरागमनाची कथा सुरू झाली, तीही बंद वेष्टनात, या वेळी रंग पांढरा. सुपरमॅनच्या जागेवर हक्क सांगणारे चौघे पुढे आले आणि अखेर मूळ नायक परतला. विक्रीची युक्ती म्हणून हे चातुर्याचे होते. पण मृत्यू ही वेळापत्रकातली एक पायरी आहे, हे ज्ञान वाचकाला कायमचे झाले. २००७ मध्ये कॅप्टन अमेरिका मरण पावला, तेव्हा वाचकांच्या मनात तो कसा मेला यापेक्षा तो केव्हा परतणार हा प्रश्न आधी आला. तोही परतलाच.

६

मालिकेत मृत्यूला अर्थ देण्याचे अन्य मार्ग नसतात असे नाही. त्यांतील एक मार्ग खुद्द सुपरमॅनच्याच इतिहासात आहे. नोव्हेंबर १९६१ च्या ‘सुपरमॅन’च्या १४९ व्या अंकात लूथर सुधारल्याचे सोंग घेतो, विश्वास संपादन करतो आणि हिरव्या क्रिप्टोनाइटने सुपरमॅनचा जीव घेतो. त्या कथेत तो परत येत नाही. कथेवर ‘काल्पनिक कथा’ असा शिक्का होता. अर्थ असा की ती मालिकेच्या मुख्य प्रवाहाबाहेरची. सगळ्याच कथा काल्पनिक असताना हे विशेषण किती मजेशीर आहे, हे ॲलन मूर यांनी १९८६ मधल्या आपल्या निरोपाच्या कथेत नेमके हेरले. येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा. जो मृत्यू ‘खरा नाही’ असे आधीच सांगितले, तोच अपरिवर्तनीय ठरला. आणि जो ‘खरा’ म्हणून जाहीर झाला, तो मागे घेता आला.

दुसरा मार्ग मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉक यांचा फँटम मराठीत वेताळ होऊन आला. आमच्या पिढीने त्याचे जीर्ण अंक वाचनालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून मिळवले. वेताळ अमर आहे असे जंगल मानते. वाचकाला मात्र गुपित ठाऊक असते. वीस वेताळ मरण पावले आहेत, कवटीच्या गुहेत त्यांची दफने आहेत आणि आताचा हा एकविसावा आहे. भूमिका अमर, माणूस मर्त्य. मृत्यूला कथेतच जागा दिल्यामुळे तो उलटवण्याची गरज पडत नाही. वारसाहक्काची ही रचना पुराकथेच्या अधिक जवळची आहे. सुपरमॅनच्या बाबतीत हे शक्य नव्हते, कारण तेथे भूमिका आणि व्यक्ती यांची फारकत करणे म्हणजे बोधचिन्ह बदलणे.

तिसरा मार्ग जिम स्टारलिन यांच्या १९८२ मधील ‘द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल’ या कृतीत दिसतो. तेथे महानायक युद्धात मरत नाही. तो कर्करोगाने, अंथरुणात, मित्रांच्या सहवासात मरतो. शक्तीने जिंकता न येणारी गोष्ट त्या विश्वात प्रथमच एवढ्या निकटून आली. कॅप्टन मार्व्हल हे नाव पुढे इतर पात्रांकडे गेले. त्या मृत्यूचे गांभीर्य मात्र ओसरले नाही.

याच स्टारलिन यांनी लिहिलेल्या १९८८ मधील बॅटमॅनच्या कथेत मात्र जेसन टॉड या दुसऱ्या रॉबिनचा मृत्यू वाचकांच्या दूरध्वनी-मतदानावर सोपवला गेला. मृत्यूच्या बाजूने ५३४३ आणि विरोधात ५२७१ मते पडली. बहात्तर मतांनी एक मुलगा मेला. २००५ मध्ये तोही परतला. शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये कॉनन डॉइल यांनी मारले ते स्वतःच्या इच्छेने, आणि पुढे वाचकांच्या हट्टापुढे ते नमले. त्या झगड्यात निदान एका बाजूला लेखक होता.

७

सुपरमॅनच्या बाबतीत लेखक कुठे होता, हा प्रश्न शेवटी विचारलाच पाहिजे. रोलाँ बार्थ यांच्या ‘लेखकाच्या मृत्यू’ची चर्चा आपल्याकडे खूप झाली. अर्थाच्या मालकीवरून लेखकाला पायउतार करणे हा त्यामागचा मुक्तिदायी हेतू होता. पण अर्थाच्या मालकीपलीकडे एक साधी, कायद्याची मालकीही असते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरला विकले. १९४७ मध्ये ते न्यायालयात गेले आणि त्यानंतर त्यांची नावे अंकांवरून गेली. १९६१ मधली ती ‘काल्पनिक’ मृत्युकथा सीगल यांनीच लिहिलेली होती, आणि तीही निनावी. म्हणजे निर्मात्याने आपल्या मानसपुत्राचा मृत्यू लिहिला, पण त्यावर त्याची सही नव्हती. १९७५ मध्ये जाहीर मोहिमेनंतर दोघांना वार्षिक २०,००० डॉलरचे मानधन आणि श्रेयनाम परत मिळाले. तोवर शुस्टर यांची दृष्टी पार अधू झाली होती.

जो शुस्टर यांचे ३० जुलै १९९२ रोजी लॉस एंजेलिस येथे निधन झाले. साडेतीन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, त्यांनी प्रथम रेखाटलेला नायक ‘मरण पावला’. त्याचा मृत्युलेख लाखो वेष्टनांत घालून विकला गेला. हा योगायोगच होता, त्यात कुणाचे कारस्थान नव्हते. पण काही योगायोग व्यवस्थेचे स्वरूप उघड करतात. ज्याचा मृत्यू परत फिरणार नव्हता त्याच्या वाट्याला थोड्या ओळी आल्या. ज्याचा मृत्यू काही महिन्यांचा होता त्याला अंत्ययात्रा लाभली.

पात्र अमर असते हे वाङ्मयाचे जुने अभिमानवचन आहे. हॅम्लेट दर प्रयोगात मरतो आणि पुढच्या प्रयोगात पुन्हा उभा राहतो, पण त्याच्या मरणाची आज्ञा संहितेची असते आणि ती बदलत नाही. सुपरमॅनची अमरता वेगळी आहे. तो अमर आहे कारण त्याला संपू देण्याचा अधिकार लेखकाकडे नाही, चित्रकाराकडे नाही, वाचकाकडेही नाही. १९९२ च्या कथेत एक चांगली शोककथा होती. पानागणिक चौकटी कमी करत जाणारे रूप होते, लोइसचे मौन होते, दूरचित्रवाणीपुढे बसलेले म्हातारे आईबाप होते. अंत मात्र त्या कथेला मिळाला नाही. सुपरमॅन मेला नाही, हा त्या कथेचा दोष म्हणता येत नाही. त्याला मरू दिले गेले नाही, यातच तिची शोकांतिका आहे.

अमेरिकेच्या स्वामित्वहक्क-कायद्यानुसार ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १ जानेवारी २०३४ रोजी सार्वजनिक मालकीचा होईल. त्या दिवशी १९३८ चा सुपरमॅन कुणालाही सांगता येईल. एखादा लेखक त्याची कथा सांगेल आणि ती एकदाची संपवेलही. मग वर्गातली ती विद्यार्थिनी, किंवा तिच्या पुढची एखादी, ‘रडलं कोण’ असे विचारणार नाही. ती कथा वाचेल.